स्मरणशक्ती आणि प्रभूचे मेज

(शास्त्रभाग : यशया ४९:१४-१६, लूक २३:३९-४३, १ करिंथ ११:१७-३४)





गेल्या पावसाळ्यात, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, आमच्या बऱ्हाणपूरच्या मंडळीच्या पंचांची बैठक भरली होती. मंदिराच्या पत्र्यांच्या गळतीचा विषय संपला आणि एका पंचांनी जरा संकोचून विचारले, "उद्या आजींना मेजाजवळ आणायचे का? त्यांना आता काहीच आठवत नाही. हातात दिलेली भाकर कशाची, हेही कळत नाही. प्रभूने तर आपल्या आठवणीसाठी हे करीत जा असे सांगितले. ज्याला आठवणच उरली नाही, त्याने आठवणीचा विधी कसा करावा?"

हा प्रश्न कठोरपणाने विचारलेला नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. विचारणारे बंधू देवभीरू आहेत. पौलाने करिंथकरांस दिलेला इशारा त्यांनी मनावर घेतला होता, आणि अयोग्य रीतीने खाण्यापिण्याचा दोष आजींवर येऊ नये अशी त्यांना खरोखरच काळजी होती. शिवाय ह्याच बंधूंना लहानपणी प्रभूची प्रार्थना शिकविली ती आजींनी. खानदेशातून लग्न होऊन त्या येथे आल्या आणि तीस वर्षे त्यांनी शब्बाथशाळा चालविली. त्या बैठकीत बसलेल्यांपैकी निम्मे त्यांचे विद्यार्थी होते.

आम्ही गप्प राहिलो. पदविकेच्या अभ्यासात प्रभुभोजनाविषयीची निरनिराळ्या पंथांची मते आम्ही घोकून पाठ केली होती. त्यांतले एकही त्या सायंकाळी कामास आले नाही. पाळकसाहेबांनी सकाळी ठरवू म्हणून विषय थांबविला. आम्ही तेथून उठलो ते सरळ आजींच्या घरी गेलो.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. "हे गाडीवरून आले का?" असे त्यांनी आम्हांस विचारले. त्यांचे यजमान रेल्वेत होते. त्यांना प्रभूकडे जाऊन कित्येक वर्षे झाली. दहा मिनिटांनी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलाला त्या आपल्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारीत होत्या. सूनबाई म्हणाल्या, "आता हिंदीही गेली हो त्यांची." ही गोष्ट लहान नाही. आमच्या गावी मुलांची शाळा हिंदी, खेळ हिंदी, भांडणही हिंदी. मराठी राहिली आहे ती उपासनेपुरती आणि म्हाताऱ्या माणसांपुरती. आजी नातवाशी हिंदीतच बोलत आल्या होत्या. ती भाषा पुसली गेली आणि एकाच घरातील दोन जीवांमधला पूल मोडला.

नातू कोपऱ्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या शब्बाथशाळेकरिता तेविसावे स्तोत्र पाठ करीत होता. तिसऱ्या वचनाशी तो अडखळला. तेव्हा ओसरीवरून आवाज आला, स्वच्छ आणि थोडा रागावलेला. आजींनी तिसरे वचन म्हटले, चौथे म्हटले आणि शेवटापर्यंत गेल्या. ते जुन्या भाषांतरातले होते, म्हणून मुलाच्या पुस्तकाशी काही शब्द जुळेनात. त्याने तसे सांगताच, "तुझं चुकतंय" असे त्यांनी त्याला बजावले. मग त्याच्याकडे पाहून सुनेला विचारले, "हा मुलगा कुणाचा?"

बंधुभगिनींनो, हे कसे घडते? ज्या मस्तकात पोटच्या नातवाचे नाव राहत नाही, त्यात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे स्तोत्र अखंड कसे राहते? देवाने आपणांस जे शरीर दिले त्याची रचना समजून घेणे हाही भक्तीचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या रात्री पवित्र शास्त्राबरोबर आम्ही मेंदूविषयीचे एक पुस्तकही काढून बसलो.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की स्मरण म्हणजे कपाट. एकेक आठवण एकेका खणात ठेवलेली, हवी तेव्हा काढावी. शास्त्रज्ञांना मेंदूत असे कपाट आढळले नाही. सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाच्या ह्या अवयवात अंदाजे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत, आणि एकेका पेशीचे हजारो पेशींशी सांधे आहेत. आठवण राहते ती ह्या सांध्यांत. दोन पेशी वारंवार एकत्र जाग्या झाल्या की त्यांच्यामधला सांधा बळकट होतो. केळीच्या मळ्यातून पायवाट पडते तशीच ही गोष्ट. एकदा कोणी चालून गेले तर गवत पुन्हा उभे राहते, रोज चालले तर वाट होते. एरिक कँडल ह्या शास्त्रज्ञांनी समुद्रातील गोगलगायीसारख्या एका प्राण्यावर प्रयोग करून हे दाखविले. थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीत असलेलाच सांधा तात्पुरता बळावतो. पण तोच अनुभव अंतराअंतराने पुन्हा पुन्हा दिला तर पेशी नवी प्रथिने घडविते आणि नवे सांधे वाढतात. ह्या कामाबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जे आपण टिकवून ठेवतो, ते अक्षरशः आपल्या देहाचा भाग बनते. इस्राएलाने देवाची वचने घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता बोलत राहावे अशी आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहे. ज्याने हा मेंदू घडविला त्याला त्याची रीत ठाऊक होती, ह्यात नवल कसले?

आता हेन्री मोलायसन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाची हकीकत ऐका. त्यांना फेफऱ्याचा भयंकर आजार होता. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बहुतांशी काढून टाकण्यात आला. फेफरे पुष्कळ कमी झाले. परंतु त्या दिवसापासून त्यांच्या मनात नवी आठवण म्हणून राहीना. बालपण आठवे, पण सकाळी भेटलेला मनुष्य दुपारी परका. ब्रेंडा मिलनर ह्या विदुषींनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि प्रत्येक भेटीत बाईंना आपली ओळख नव्याने करून द्यावी लागे.

ह्याच बाईंनी त्यांना एक कसरत दिली. आरशात पाहून कागदावरील चांदणीची आकृती गिरवायची. हे अवघड काम आहे, आपण घरी करून पाहावे. तीन दिवस हे चालले. दर वेळी हेन्री म्हणत की आपण असले काही पूर्वी केलेले नाही. आणि हात मात्र दर दिवशी अधिक सफाईने चाले. ह्यावरून कळून आले की स्मरण एक नव्हे, अनेक प्रकारचे आहे. काल काय घडले ह्याचे स्मरण निराळे, हाताला वा जिभेला लागलेले वळण निराळे, आणि त्यांची ठिकाणेही निराळी. मनुष्य "मला आठवत नाही" म्हणतो तेव्हाही त्याच्या आत काहीतरी शिकून राहिलेले असू शकते.

आमच्या गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या काळी, अब्दुल रहीम खानखाना ह्यांच्या सुभेदारीत तो बांधला गेला. सातपुड्यावरचे पाणी जमिनीत मुरते, भूमिगत बोगद्यात झिरपते आणि यंत्रावाचून, केवळ उताराने शहराकडे वाहते. वरून जाणाऱ्यास ओळीने शंभरावर कुंड्यांची तोंडे तेवढी दिसतात. वाकून पाहिल्यावाचून खाली पाणी आहे हे कळत नाही. स्मरणाचेही असेच काहीसे आहे. दाखला पुरता लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. पाणी उपसले की कमी होते, आठवण काढली की घट्ट होते. पण कोणत्या कुंडीतून वाकावे हा प्रश्न दोहोंकडे आहे.

पवित्र शास्त्रात पाहा. फारोचा प्यालेबरदार तुरुंगातून सुटला आणि योसेफाला विसरला. दोन वर्षे गेली. मग फारोला स्वप्न पडले, अर्थ सांगणारा कोणी मिळेना, आणि त्या क्षणी प्यालेबरदाराला योसेफ आठवला (उत्पत्ती ४०:२३, ४१:९). आठवण गेली नव्हती; तिला हाक देणारे काही मिळाले नव्हते. पेत्राला प्रभूचे शब्द कोंबडा आरवला तेव्हा आठवले. आजींना नातवाचे अडखळणे ही हाक मिळाली. शब्बाथशाळेत तीस वर्षे मुले त्यांच्यापुढे अडखळत आली होती. ते ऐकताच पुढचे वचन ओठांवर आणणे हे त्यांचे वळणच होऊन गेले होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांशी येथे थोडे बोलावयाचे आहे, आणि प्रथम आमचीच चूक कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीच सुवर्णवचन पाठ करून घेण्याचे बंद पाडले होते. पोपटपंची नको, मुलांना अर्थ समजला पाहिजे, असे आमचे म्हणणे. चित्रे रंगविणे सुरू केले. अर्थ समजला पाहिजे हे आजही खरे आहे, पण अर्थ ठेवण्यास भांडे लागते हे आम्ही विसरलो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८५८ साली जन्मलेल्या ह्या मुलीला आई लक्ष्मीबाई पहाटे, घरकामास लागण्यापूर्वी, झोपेतून मायेने उठवून संस्कृत शिकवीत. सर्व तोंडी. आई म्हणे, मुलगी म्हणे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. चरित्रकार अठरा हजार असा आकडा देतात. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावी त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषा हाताळून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले. १९२२ च्या एप्रिलात त्या निजधामास गेल्या, तोवर ते काम हातावेगळे झाले होते. त्या पहाटेच्या पाठांचा ह्या कामाला आधार नव्हता असे कोण म्हणेल? आईने घातलेल्या वळणाचा असा उपयोग होईल हे त्या आईच्या स्वप्नीही नसेल.

दुसऱ्या लक्ष्मीबाई म्हणजे टिळकांच्या. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून, आणि तीही रडतखडत. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. तरीही वडिलांचे सोवळे, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घरात घेण्याचा तो अट्टाहास, हे सारे त्यांनी कालच घडल्यासारखे लिहिले आहे. तेथे पाठांतर नव्हते. भीती होती, हसू होते, माया होती. मनाला हलवून गेलेले मेंदू घट्ट धरतो. म्हणून ज्या वर्गात मूल कधी हसलेही नाही आणि ज्याच्या शिक्षकाने त्याला कधी जवळही घेतले नाही, त्या वर्गातले थोडेच टिकते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून पुढे जातो. वार्षिक बक्षीससमारंभाच्या आदल्या आठवड्यात एकदम वीस वचने घोकविण्यात फारसा लाभ नाही. तेच वचन आज, पुढल्या रविवारी, मग महिन्याने असे विचारावे. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन गृहस्थाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखविले होते की अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. आणि पुस्तकातून दहा वेळा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून एकदा आठवायला लावणे बरे. मूल अडखळले तर अडखळू द्यावे. आठवण काढण्याच्या त्या कष्टातच ती पक्की होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजींचा आजार अल्झायमर ह्या नावाने ओळखला जातो. अलोइस अल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली तो प्रथम मांडला. मेंदूत नको ते पदार्थ साचत जातात आणि पेशी मरत जातात. (कुंडी भंडाऱ्याच्या झऱ्यांवरही चुन्याचे थर चढून पाणी कमी होते.) ह्या आजाराचा घाव बहुधा आधी हिप्पोकॅम्पस व त्याच्या शेजारच्या भागांवर पडतो, म्हणून आजचे आधी जाते, जुने मागून. वृद्ध माणूस विसरू लागले की "वय झाले" म्हणून स्वस्थ बसू नये, हेही सांगून ठेवतो. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता ह्यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय आहेत. डॉक्टरांस दाखविणे हा अविश्वास नव्हे.

परंतु आजींचा आजार बरा होणारा नाही. आज स्तोत्र आहे. उद्या तेही जाईल. हे आपण टाळू नये. "पाहा, देवाचे वचन तरी उरले" असे म्हणून समाधान मानणे आम्हांस त्या रात्री फार सोपे वाटले असते. पण एके दिवशी ते वचनही उरले नाही तर? तर काय आजींचा विश्वास गेला? मेंदूतील सांध्यांवर आपले तारण टांगलेले आहे काय?

येथे इब्री भाषेतील एका शब्दाने आमचा हात धरला. देवाने 'आठवण केली' असे जुन्या करारात जेथे जेथे आहे, तेथे मागोमाग काही घडते. त्याने नोहाची आठवण केली आणि वारा वाहू लागला, पाणी ओसरले. हन्नाची आठवण केली आणि तिला पुत्र झाला. मिसरातल्या गुलामांचा आक्रोश ऐकून त्याने आपल्या कराराची आठवण केली आणि मोशेला पाठविले. ही आठवण म्हणजे मनातल्या मनात उजळणी नव्हे; हात पुढे करणे आहे. सीयोन म्हणते, प्रभू मला विसरला. तेव्हा परमेश्वर तिला आईचा दाखला देतो. तान्ह्या बाळाला आई विसरेल काय, आणि कदाचित तीही विसरली तरी मी विसरणार नाही. आम्ही हे शंभरदा वाचले असेल. पण आई विसरू शकते हे देवाने त्याच वचनात मान्य केले आहे, हे त्या रात्री प्रथम डोळ्यांत भरले. पोटच्या मुलाचे नाव विसरलेली आई आम्ही नुकतीच पाहून आलो होतो. तिच्या विस्मरणाला देव दोष देत नाही. आपले तळहात दाखवितो, ज्यांवर नावे कोरलेली आहेत.

वधस्तंभावरील चोराने तरी काय मागितले? प्रभूची आठवण ठेवण्याचे वचन त्याने दिले नाही. त्याला तेवढा वेळच नव्हता. माझी आठवण कर, एवढेच तो म्हणाला. आणि त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन त्याला मिळाले.

मग करिंथकरांस दिलेला इशारा? तो सबंध भाग सतराव्या वचनापासून वाचावा. तेथे भांडण कोणाचे आहे? धनवान आपापले जेवण आधी उरकीत, कोणी धुंद होई, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहून लज्जित होत. शरीर न ओळखण्याचा जो दोष पौल देतो, त्यात हे आहे की शेजारी बसलेला दुबळा हा ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव आहे, ह्याची त्यांना जाणीव राहिली नाही. म्हणूनच शेवटी तो एकमेकांची वाट पाहावयास सांगतो. हा इशारा दुबळ्याला मेजावरून उठविण्यासाठी वापरणे म्हणजे औषध उलटे पाजणे होय. स्वतःची परीक्षा ज्याला करता येते त्याने ती अवश्य करावी. प्रभूची आज्ञाही एकट्याला नाही. हेल्लेणी मुळात ती अनेकवचनी आहे. तुम्ही सर्व मिळून हे करा. सर्व मिळून जे आठवावयाचे, त्यात एकाला आठवले नाही तर इतरांनी त्याच्या वतीने आठवावे. आजींनी तीस वर्षे आमच्या वतीने नाही का आठवले, आम्हांला काही कळत नव्हते तेव्हा?

इतर मंडळ्यांची शिस्त वेगळी असेल, आणि पाळकांच्या निर्णयाचा आम्ही मान राखतो. आमचे मत मात्र आम्ही रविवारी सकाळी पाळकसाहेबांना सांगितले. ज्यांनी प्रश्न काढला होता ते बंधूही तेथे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्यांना हात धरून आणतो."

त्यांनी आजींना आणले. पुढच्या बाकावर एका बाजूस सूनबाई, दुसऱ्या बाजूस नातू. पाळकसाहेबांनी भाकर दिली. आजी ती तळहातावर घेऊन पाहत राहिल्या. ती काय आहे हे त्यांना कळले असे आम्ही म्हणणार नाही. आम्हांस ठाऊक नाही. मंडळी गीत गात होती आणि आजींचे ओठ शब्दांच्या किंचित मागून हलत होते. मग त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक नातवाच्या हातावर ठेवला.

त्या मुलाचे दृढीकरण अजून व्हायचे आहे. पंचांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही गीतपुस्तकात मान घातली.